भाव काय लावावा?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरून तीन जातींच्या वस्तू खाली येतात. काही टाकवत नाहीत, काही ठेववत नाहीत, आणि काहींचा भाव घरात कोणालाच ठाऊक नसतो. या तिसऱ्या जातीत पूर्वी पायपेटी असे, मग रेडिओ आला. हल्ली त्या जागी बहुधा गिटार असते. चिरंजीव अकरावीत असताना हट्टाने घेतलेली, बारावीच्या वर्षी भिंतीला टेकवलेली, आणि ते नोकरीसाठी बंगळुरास गेल्यावर माळ्यावर चढलेली. तिच्याबरोबर आवाज मोठा करणारा एक खोकाही असतो. त्याला ॲम्प्लिफायर म्हणतात आणि शेजारी त्याला आणखी काही म्हणतात.

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच की माझा धंदा मराठी शिकवण्याचा. तेव्हा गिटारीच्या भावात मी का नाक खुपसावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की 'भाव' हा शब्द आमच्याच खात्यातला आहे. मराठीत दर म्हणजेही भाव आणि मनातली माया म्हणजेही भाव. जुनी वस्तू विकायला काढली की हे दोन्ही अर्थ एकमेकांच्या पायात पाय घालतात. बाप म्हणतो, "अठरा हजारांची आहे, सोळाला तरी गेलीच पाहिजे." गिऱ्हाईक सात म्हणते. बापाला तो मुलाचा अपमान वाटतो. वास्तविक गिऱ्हाइकाने मुलाविषयी एक अक्षरही काढलेले नसते!

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गोव्याच्या एक वृद्ध बाई राहतात. सारी इमारत त्यांना आंटी म्हणते. त्यांचे यजमान सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवीत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट ही गोव्याची नावे हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासात आहेत. त्यांच्या मागे खुर्च्यांवर बसून वाजवणारे जे शेकडो हात होते, त्यांतले दोन या गृहस्थांचे. ते जाऊन बरीच वर्षे झाली. गेल्या वर्षी आंटींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि पैशांची जुळवाजुळव सुरू झाली. परदेशातल्या भाच्याने फोनवरून कळवले, "अंकलची गिब्सन आहे ना? लाखांत जाईल!"

आंटींनी मला बोलावले. "मास्तर, तुम्ही शिकलेले. ही वाजवून त्याने पाच माणसं पोसली. हिचा भाव काढून द्या."

मला वाद्यातले ओ की ठो कळत नाही, म्हणून मी आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याला घेऊन गेलो. हा मुलगा डोंबिवलीहून येतो, मित्रांबरोबर गिटार वाजवतो, आणि त्याला स्वतःलाही एक जुनी गिटार विकत हवी होती. त्याने पेटी उघडली, दांडीच्या शेंड्यावरचे नाव वाचले आणि मला हळूच म्हणाला, "सर, ही गिब्सन नाही. गिव्सन आहे."

मी चष्मा पुसून पाहिले. खरेच! अमेरिकेची गिब्सन निराळी आणि कोलकात्याची गिव्सन निराळी. कोलकात्याचे लोक 'व'चा 'ब' करतात असे आम्ही वर्गात सांगतो. येथे 'ब'च्या जागी 'व' होता. व्याकरणात हा एका वर्णाचा फरक, बाजारात लाखांचे हजार करणारा. यात फसवणूक मात्र कोणाची नव्हती. परदेशी वाद्ये आयात करणे दुरापास्त होते, त्या काळात देशी गिटारींवरच येथल्या कित्येक वादकांचे हात तयार झाले.

आंटी गप्प बसल्या. मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याची नजर कोपऱ्यात गेली. तेथे तुळशीसारखे काहीतरी लावलेली एक कुंडी एका काळ्या खोक्यावर ठेवलेली होती. त्याने कुंडी उचलली, खोका मागून पाहिला आणि म्हणाला, "आंटी, हे काय करणार आहात?"

"ते? भंगारवाला पाचशे म्हणाला. तू घेतोस तर घेऊन जा."

वाचकहो, या क्षणी त्या पोराने पाचशेची नोट काढली असती तर जगात कोणाला काही कळले नसते. तो खोका म्हणजे व्हॉक्स कंपनीचा एसी-३० होता, १९६०च्या दशकातला, विलायतेत बनलेला. तीस वॅटचा, शेवटच्या टप्प्यात चार व्हॉल्व्ह आणि बारा इंची दोन स्पीकर असलेला. बीटल्स मंडळी ज्या जातीचा वापरत त्या जातीचा. पोराने सारे आंटींना समजावून सांगितले. वर बजावले, "प्लग मात्र लावू नका. आणि मागचं झाकण कोणाला उघडू देऊ नका."

ही शेवटची सूचना सर्वांनी ध्यानात ठेवावी. व्हॉल्व्हच्या यंत्रात वीज साठवणारे कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षे बंद राहिले की ते आतून वाळतात, आणि एकदम वीज दिली तर फुटतात. शिवाय प्लग काढल्यावरही त्यांत जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरच्या एका जाणत्या कारागिराकडे खोका नेला. त्याने कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह तपासले आणि नऊ हजार घेतले. एक स्पीकर मूळचा निघाला, एक मागाहून बसवलेला.

मग भावाचा हिशेब मांडला. विलायतेत चांगल्या स्थितीतला असा खोका दोन हजार पौंडांच्या आसपास 'विकला गेल्याचे' त्या मुलाने शोधून काढले. 'मागितल्याचे' नव्हे, बरे का! मागायला कोणीही काहीही मागतो. भाव ठरतो तो सौदा झालेल्या किमतीवर. त्यातून बदललेल्या स्पीकरची घट काढली. तीस किलोच्या आसपासचे धूड परदेशी पाठवण्याचा खर्च काढला. येथे गिऱ्हाइके थोडी, म्हणून आणखी काही सोडले. अखेर एका ध्वनिमुद्रणशाळेच्या मालकाने एक लाख वीस हजार रुपये मोजून तो नेला. आंटींच्या गुडघ्याचा निम्मा प्रश्न कुंडीखाली दडून बसला होता!

आणि गिटार? आंटींनी चार हजार सांगितले. लाखाची गोष्ट आपण होऊन सांगणाऱ्या त्या पठ्ठ्याने पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली आणि साडेतीन हजारांना ती घेतली. मला त्याचे हे दोन्ही वागणे सारखेच प्रामाणिक वाटले.

आता तुमच्या माळ्याकडे वळू. साधी, कारखान्यात हजारोंनी होणारी गिटार असेल तर आज तशीच नवी कितीला मिळते ते आधी पाहा. तुम्ही कधीकाळी दिलेली किंमत विसरा. वाद्य उत्तम स्थितीत असेल तर नव्याच्या साठ-सत्तर टक्के, स्वस्तातले असेल तर निम्मे, हा ढोबळ आडाखा. दुकानदार त्याहूनही कमी देईल, आपण विकू त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्याला शिव्या देऊ नका. भाडे, दुरुस्ती आणि सहा महिने वाट पाहणे त्याच्या माथी असते.

मग वाद्य हातात घ्या. दांडी सरळ आहे की तारांच्या ओढीने धनुष्य झाली आहे? पट्ट्या झिजल्या आहेत का? शेंडा मोडून चिकटवलेला आहे का? आमच्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, पोट फुगते, तारा उंच उठतात. हे दोष गिऱ्हाइकाने शोधण्याआधी आपणच सांगावेत. सांगितलेल्या दोषाची किंमत एकदाच कमी होते. लपवलेला सापडला की साऱ्याच वाद्यावरचा विश्वास उडतो. खोका अमेरिकेहून आणलेला असेल तर तो ११० ते १२० व्होल्टचा असण्याचा संभव आहे. आपल्या २३० व्होल्टवर लावलात तर विकायला काही उरणार नाही.

खरोखर जुने आणि नामांकित वाद्य असेल तर न्याय उलटा. तेथे रंग उजळू नये, सुटे भाग बदलू नयेत. पुन्हा रंगवलेल्या वाद्याचा भाव निम्म्यावर येतो. फेंडर कंपनी १९६५च्या जानेवारीत सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली, तर त्याआधीच्या गिटारींना संग्राहक आजही चढा भाव देतात. मूळपणाचे एवढे स्तोम!

पण याही नियमाला तडा देणारी माणसे असतात. एरिक क्लॅप्टनने तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे भाग जुळवून 'ब्लॅकी' नावाची गिटार केली. संग्राहकाच्या कायद्याने ती गोधडीच. २००४ साली लिलावात तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर आले आणि ते क्लॅप्टनने उभारलेल्या व्यसनमुक्ती केंद्राला गेले. कर्ट कोबेनने १९९३ साली दूरदर्शनच्या एका मैफलीत वाजवलेली १९५९ची मार्टिन गिटार २०२० साली ६० लाख १० हजार डॉलरना गेली. तेथे लोक लाकूड घेत नव्हते. कोणाचा हात त्या लाकडावरून फिरला, त्याचे मोल देत होते.

तुमच्या आमच्या घरातल्या हातांचे असे मोल बाजार देत नाही, आणि त्याबद्दल रुसण्यातही अर्थ नाही. त्याला वाद्याचा दर विचारावा, तो जो सांगेल तो ऐकावा. पटला तर द्यावे. मायेची रक्कम त्यात मिळवून सांगू नये. ती कोणी देणार नाही, आणि दिलीच तर आपल्याला घेववणार नाही. दर इतका कमी वाटला की देववतच नाही, तर वस्तू खुशाल ठेवून घ्यावी, तारा बदलाव्यात आणि शेजारच्या पोराला शिकायला द्यावी. वाजते वाद्य माळ्यावरच्या वाद्याहून केव्हाही बरे.

मात्र एवढे करा. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी कुंडीखालचा खोका एकदा पाहून घ्या.