न्हाणीघरातील ओल: आधी उगम, मग उपाय

न्हाणीघराच्या भिंतींना टाइल्स लावल्या, की पाणी आत मुरणार नाही, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः टाइल्समधील सिमेंटचे सांधे थोडेथोडे पाणी शोषत राहतात. पाण्याला खऱ्या अर्थाने अडवतो तो टाइल्सखालचा वॉटरप्रूफिंगचा थर. तो निकामी झाला, की शेजारच्या खोलीतील भिंतीचा रंग फुगतो, पांढरा लोणा फुटतो किंवा खालच्या मजल्यावरील छतावर डाग उमटतो.

हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी आणि दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यांत नमूद आहे. घरात दमेकरी मूल किंवा वृद्ध असतील, तर डागावर रंगाचा नवा हात फिरवून समाधान मानणे योग्य नाही.

ओलीचा उगम मुख्यतः तीन ठिकाणी असतो: हवेतील बाष्प, शॉवरखालील सांधे व जमीन आणि भिंतीतील नळ. तो ओळखण्याच्या काही परीक्षा घरच्या घरी करता येतात.

पहिली परीक्षा फॉइलची. ओलसर भिंतीचा एक भाग पुसून कोरडा करावा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावे. फॉइलच्या बाहेरच्या बाजूस दव असेल, तर दोष हवेतील बाष्पाचा. आतल्या बाजूस ओल असेल, तर पाणी भिंतीतून येत आहे.

दुसरी परीक्षा निरीक्षणाची. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून काही दिवस तेथे स्नान करू नये. वापर थांबूनही डाग पसरत राहिला, तर दाबाखालील नळ फुटल्याची शंका घ्यावी. पसरणे थांबले, तर सांधे, जमीन किंवा शॉवरकडे जाणारा नळ यांकडे वळावे.

तिसरी परीक्षा जमिनीची. नहाणी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून उंबऱ्याच्या खाली राहील इतके, सुमारे इंचभर पाणी २४ तास साठवावे. खालचा डाग वाढला, तर जमिनीच्या थरातच दोष आहे. खालच्या शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. त्यांच्या डागाजवळ विजेचे बटण किंवा दिवा असेल, तर ही परीक्षा करूच नये.

आता उपाय. बाष्पासाठी एक्झॉस्ट पंखा स्नानानंतरही अर्धा तास चालू ठेवावा. मात्र दाराखाली बोटभर फट हवी. बाहेरची हवा आत आली नाही, तर पंखा ओलसर हवा बाहेर काढणार कशी? स्नानानंतर भिंती वायपरने निपटाव्यात. तडकलेले सांधे खरवडून, वाळवून नव्याने भरावेत. इपॉक्सी ग्राउट पाणी फारसे शोषत नाही. भिंत व जमीन जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन सीलंटच हवे, कारण दोहोंच्या सूक्ष्म हालचालींमुळे तेथील सिमेंट पुन्हा तडकते. थरच खराब असेल, तर टाइल्स उखडून नवे वॉटरप्रूफिंग करणे हाच टिकाऊ मार्ग. नव्या टाइल्स बसवण्यापूर्वी पाणी साठवण्याची परीक्षा पुन्हा करवून घ्यावी.

बुरशी स्वच्छ करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे: ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद न्हाणीघरात प्राणघातक ठरू शकतो. दमेकऱ्यांना हे काम सांगू नये आणि इतरांनीही दार-खिडकी उघडी ठेवूनच ते करावे.

डाग पुसणे सोपे असते. परंतु पाण्याची वाट बंद झाल्याखेरीज बुरशी परतल्याशिवाय राहत नाही.