जलूदचे ऊन आणि आमची टाकी

इंदुरात 'नळाला पाणी आले' असे म्हणण्याची रीत नाही. 'नर्मदा आली' असे म्हणतात. परगावचे पाहुणे हे ऐकून प्रथम चमकतात. मग त्यांना सांगावे लागते की नर्मदामाई येथून सत्तर किलोमीटरवर, विंध्याद्रीच्या पलीकडे वाहते, आणि आमच्या घरी ती एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, लोखंडी नळातून येते. ती आली म्हणजे घरात जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. देवाचा तांब्या आधी भरायचा, मग पिण्याचे पिंप, मग मोटर लावून गच्चीवरची टाकी. टाकी केव्हा भरली हे कोणाच्याच ध्यानात राहत नाही. ती ओसंडून शेजाऱ्यांच्या भिंतीवरून ओघळ उतरू लागले की पलीकडून हाक येते, आणि मग जिन्यावर धावाधाव. ही आमच्या घरची वर्षानुवर्षांची कथा आहे. तिचा दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलीत नाही. मोटर लावून वर्तमानपत्र उघडून बसणारा मीच.

२०२३ च्या फेब्रुवारीत आमचे धाकटे मेहुणे एक छापील अर्ज घेऊन आले. आयुष्य बँकेत गेलेला मनुष्य. व्याजाचा दर सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते एरवी केवळ पुरणपोळी पाहूनच येते. "भावोजी," ते म्हणाले, "आपली महापालिका लोकांकडून कर्ज घेते आहे. हरित रोखे म्हणतात त्यांना. सव्वाआठ टक्के व्याज, दर सहा महिन्यांनी. मुद्दल चार भागांत परत: तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी."

"नऊ वर्षांनी शेवटचा भाग घ्यायला आम्ही असू का?" मी विचारले.

"नातवाचे नाव घाला वारस म्हणून," मेहुणे म्हणाले. बँकेतल्या माणसाजवळ मृत्यूवरही तोडगा असतो.

सौ. ने मात्र व्याज सोडून भलताच प्रश्न काढला. "हे पैसे घेऊन करणार काय ते?" मेहुण्यांनी सांगितले की खरगोन जिल्ह्यात जलूदच्या परिसरात, जेथून नर्मदेचे पाणी उपसले जाते तेथे, साठ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आहे. पाणी वर चढवायला लागणाऱ्या विजेचा काही भाग उन्हातून मिळेल, आणि कोळशाचा धूर तेवढा कमी होईल. "म्हणजे सूर्यनारायण नर्मदेला घाट चढवणार," सौ. म्हणाली. "मग घाला माझ्याही नावाने दहा हजार."

तसे घातले. एकट्या आम्हीच नव्हे, पुष्कळांनी घातले. मूळ मागणी १२२ कोटींची होती. तिला जवळजवळ सहापट प्रतिसाद मिळाला आणि अखेर २४४ कोटी रुपये उभे राहिले. गाझियाबादने २०२१ मध्ये असे रोखे काढले होते, पण सामान्य माणसाला अर्ज भरता येईल अशा रीतीने हरित रोखे काढणारी इंदूर ही देशातील पहिली महापालिका. राजवाड्यावर उभे राहून कचोरी खाणाऱ्या आम्हां मंडळींना याचा अभिमान वाटला असल्यास नवल नाही.

अभिमान बाजूस ठेवून, ही योजना कोणत्या गरजेतून आली ते पाहू. १९७० साली नर्मदेचे पाणी इंदुरास आणावे म्हणून गावाने आंदोलन केले, मोर्चे निघाले, आणि १९७८ मध्ये पाणी आले. त्यापूर्वी होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेले यशवंत सागर, बिलावलीचे आणि सिरपूरचे तळे, आणि वाड्यावाड्यातील विहिरी यांवर शहराची तहान भागत असे. आणि शहर वाढले तशी भागेनाशी झाली. नर्मदा आली नसती तर आजचे इंदूर उभेच राहिले नसते. पण ती आली ती चढ चढून. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. मंडलेश्वराचा नदीकाठ दीडशेच्या आसपास. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायचे तर नुसत्या उंचीपायीच एक युनिटभर वीज खर्ची पडते. हा शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा हिशेब आहे. मेहुण्यांनी पाकिटाच्या पाठीवर तो दोनदा करून पाहिला. वाटेतील घाटमाथा, नळांतील घर्षण, पंपाची झीज हे धरले तर आकडा दुपटीच्या पुढे जातो. शहराला रोज चाळीस कोटी लिटरहून अधिक नर्मदाजल लागते. महापालिकेचे पंपांचे वीजबिल महिन्याकाठी वीस कोटींच्या वर जाते ते यामुळे.

आता साठ मेगावॉट म्हणजे किती? ऊन रात्री नसते, आषाढ-श्रावणात बेताचेच असते. असा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला अडीच-तीन लाख युनिटे मिळावीत. नुसत्या उंचीपायी, कसलीही गळती वा झीज न धरता, लागणारी वीज मात्र चार लाख युनिटांवर जाते. प्रत्यक्षात लागणारी कितीतरी अधिक. म्हणजे सूर्यनारायण नर्मदेला घाटाचा काही भाग चढवील. उरलेल्या चढणीवर कोळसाच खांदा देणार. मी हे कमीपणा दाखवण्यासाठी लिहीत नाही. प्रत्येक युनिटामागे आपल्या देशात सुमारे पाऊण किलो कर्बवायू हवेत जातो. तीन लाख युनिटे वाचली तर दिवसाला दोनशे टनांच्या वर वाचला. हे थोडे नव्हे. परंतु पाणीच कमी उपसावे लागले तर काय होईल, हा प्रश्न त्या अर्जात कोठे नव्हता, आणि आम्हीही विचारला नाही.

हवामानाविषयी वचने देण्याची सध्या सर्वत्र चढाओढ आहे. आपल्या देशाने २०२१ मध्ये ग्लासगो येथे सांगितले की २०७० पर्यंत आपला कर्बभार शून्यावर आणू. मुंबई महापालिकेने २०२२ च्या मार्चमध्ये आपला आराखडा प्रसिद्ध केला आणि तेच २०५० पर्यंत करू म्हणून सांगितले. ही सारी वचने मनापासून दिलेली असतील. पण २०७० साली ती मोडली असे आढळल्यास जाब कोणाला विचारायचा? वचन देणारे नसतील, ऐकणारेही नसतील. त्या मानाने आमच्या रोख्यावर तारखा आहेत. तीन, पाच, सात, नऊ. एका नगरसंस्थेने निसर्गासंबंधी काही कबूल करावे आणि त्याखाली हप्त्यांच्या तारखा असाव्यात, ही गोष्ट मला त्या वेळी फार मोलाची वाटली. अजूनही वाटते.

मात्र पुढे एका रात्री झोप येईना म्हणून तो कागद पुन्हा वाचीत बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. महापालिकेने मला तारीखवार कबूल केले आहे ते व्याज आणि मुद्दल. ते फिटायचे महापालिकेच्या उत्पन्नातून, म्हणजे पर्यायाने आपल्याच करांतून. समजा, जलूदच्या एकाही तावदानावर ऊन पडले नाही, तरी माझे सव्वाआठ टक्के मला मिळतीलच. म्हणजे धनको या नात्याने मी निश्चिंत. नागरिक या नात्याने? पैसे कोठे गेले आणि त्यातून हवेचे काय भले झाले, याचा वार्षिक अहवाल द्यावा असा अशा रोख्यांचा नियम आहे. तो वाचणारे किती? मेहुण्यांना विचारले तर ते म्हणाले, "व्याज खात्यात जमा झाले की नाही तेवढे मी पाहतो." त्यांचे काय चुकले? मीही तेवढेच पाहत होतो.

इंदूरचा दुसरा एक अनुभव येथे आठवतो. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत पुन्हा पुन्हा देशात पहिले आले. ते काही केवळ यंत्रांच्या जोरावर नव्हे. ओला कचरा निराळा, सुका निराळा, हे प्रत्येक स्वयंपाकघराला शिकवले गेले. पहिल्या वर्षी आमच्या गल्लीत यावरून किती भांडणे झाली! कचरागाडीवरचा मुलगा मिसळलेला डबा घेईना, आणि घरोघरच्या सासवा-सुना त्याच्याशी हुज्जत घालीत. शेवटी सासवा हरल्या. आज देवगुराडियाला जे संयंत्र आहे, ज्याचे उद्घाटन २०२२ च्या फेब्रुवारीत झाले, ते रोज साडेपाचशे टन ओला कचरा घेऊन त्यापासून वायू तयार करू शकते, आणि त्या वायूवर शहरातल्या बसगाड्या चालतात. सडणाऱ्या कचऱ्यातून निघणारा मिथेन हवा तापविण्यात कर्बवायूपेक्षा कितीतरी पटींनी जालीम. तो बसच्या पोटात जाऊन जळतो हे उत्तमच. पण त्या संयंत्राला खाद्य मिळते ते आमच्या ओट्याखालच्या हिरव्या डब्यातून. महापालिकेचे ते वचन उंबरठा ओलांडून आत आले, आणि म्हणून ते निभले. जलूदचे वचन अद्याप सत्तर किलोमीटरवर आहे. त्याने आमच्यापैकी कोणाकडे काही मागितलेले नाही, दहा हजार रुपये सोडले तर; आणि तेही व्याजासकट परत.

आपल्या या शहराला असे मागणारे कोणी भेटले नाही असे नाही. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारच्या बोलावण्यावरून येथे आले होते. १९१८ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या दिवसांत प्लेगाने लोक हैराण झालेले. गेडिसांनी दिवाळीत एक मिरवणूक काढायचे ठरवले आणि असे जाहीर केले की ज्या भागातील घरे अधिक झाडूनपुसून, डागडुजी करून ठेवलेली असतील त्या रस्त्यांवरून मिरवणूक जाईल. झाले! सारे गाव कामाला लागले. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराची अजस्र प्रतिमाही होती. त्याच गेडिसांचा दुसरा आग्रह असा की जुनी तळी आणि विहिरी बुजवण्यापेक्षा सांभाळाव्यात. पहिले आम्ही शंभर वर्षांनी का होईना पण शिकलो. दुसऱ्याचे काय झाले ते आमच्या वाड्यातील विहिरीवर टाकलेली फरशी सांगेल. त्या फरशीवर आता स्कूटर उभी असते. सिरपूर आणि यशवंत सागर या पाणथळींना २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले, २०२५ च्या जानेवारीत इंदुरास उदयपुराबरोबर पाणथळ-नगर म्हणून मान्यता मिळाली; हे सन्मान खरेच आहेत. पण जवळच्या पाण्याचा सन्मान करायचा आणि प्यायला मात्र चारशे मीटर खालून आणायचे, यात काही विसंगती आहे असे कोणास वाटले तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत.

आणि आणलेले पाणी तरी कोठे जाते? जमिनीखालच्या नळाला जेथे चीर असते तेथून, पाणी सुरू असताना, वर चढवून आणलेली नर्मदा मातीत जिरते. पाणी बंद झाले म्हणजे नळातला दाब जातो, आणि त्याच चिरेतून बाहेरची घाण आत शिरू शकते. एक दिवसाआड येणाऱ्या पाण्याचा हा जुना रोग आहे. २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले आणि माणसे दगावली. तेव्हापासून आमच्या घरी पिंपातले पाणी उकळल्याशिवाय कोणी पीत नाही. गळका नळ दुरुस्त करणे हे काम हवामानाच्या आराखड्यात लिहितात की आरोग्याच्या, मला ठाऊक नाही. पण वाचलेल्या प्रत्येक हजार लिटरांमागे दोन युनिटे, दीड किलो कर्बवायू, आणि कदाचित एखाद्या घरचे लेकरू वाचते. यासाठी रोखे काढा, सव्वाआठ नव्हे सात टक्के द्या, मी अर्ज भरीन.

हे सारे मी मोठ्या आवेशाने मेहुण्यांना ऐकवीत होतो, तेवढ्यात पलीकडून हाक आली. टाकी ओसंडत होती.

खाली येईपर्यंत सौ. ने मोटर बंद करून तोच पाकिटाचा कागद हातात घेतला होता. "दर खेपेला तीनशे लिटर तरी जात असेल," ती म्हणाली. "एक दिवसाआड. वर्षाला किती झाले?" मेहुण्यांनी उत्तर दिले: पन्नास हजार लिटरांच्या वर, म्हणजे शंभर युनिटे तरी. ती सुकून जाते म्हणावे तर तसेही नाही, शेजाऱ्यांच्या भिंतीत मुरते. त्यांनी गेल्या दिवाळीला ती भिंत दुसऱ्यांदा रंगविली, आणि बोलले काही नाहीत.

परवा प्लंबरला बोलावून टाकीत तरंगता चेंडू असलेला वाल्व बसवून घेतला. पाणी काठाशी आले की तो आपोआप तोंड बंद करतो, पण मोटर चालूच राहिली तर ती तापेल, म्हणून मोटरीलाही वेगळी कळ लावावी लागेल असे तो म्हणाला. ती त्याच्यापाशी नव्हती. उद्या नर्मदेचा दिवस आहे. तो सकाळी साडेसहाला घेऊन येतो म्हणाला आहे, आणि मी वर्तमानपत्र गच्चीवर नेऊन वाचणार आहे.