जे मोजले गेले नाही

सप्टेंबर २००४ मधली एक बातमी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. २००१ च्या जनगणनेचे धर्मनिहाय आकडे जाहीर झाले आणि देशभर एकच गलका उठला. दहा वर्षांत हिंदूंच्या वाढीचा दर २५.१ टक्क्यांवरून २०.३ वर उतरला आणि मुस्लिमांचा ३४.५ वरून ३६ वर चढला, असे त्या आकड्यांत दिसत होते. अग्रलेख झाले, भाषणे झाली. चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत प्रत्येकाजवळ सांगायला एक आकडा होता, आणि तोही सरकारी.

आकडा खोटा छापला नव्हता, बेरीजही चुकली नव्हती. गोम वेगळीच होती. १९८१ साली आसामात अशांततेमुळे जनगणनाच झाली नव्हती आणि १९९१ साली त्याच कारणाने जम्मू-काश्मीरमध्ये झाली नव्हती. २००१ मध्ये मात्र जम्मू-काश्मीर मोजले गेले. तिथली लोकसंख्या एक कोटीच्या वर, आणि त्यात शेकडा ६७ मुस्लिम. म्हणजे १९९१ च्या रकान्यात ज्यांची नोंदच नव्हती, असे सुमारे ६८ लाख लोक २००१ च्या रकान्यात एकदम येऊन बसले. कागदावर ते सारे ‘दहा वर्षांतली वाढ’ ठरले.

शाळेतले उदाहरण घेऊ. पाचवीच्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन तुकड्या आहेत. मागच्या वर्षी ‘ब’चे हजेरीपत्रक मुख्याध्यापकांपर्यंत पोचलेच नाही, म्हणून पट लागला ४०. यंदा दोन्ही हजेरीपत्रके पोचली, पट झाला ७८. आता पट दुप्पट झाला म्हणून कोणी पेढे वाटू लागला, तर आपण त्याला काय म्हणू?

आसाम आणि जम्मू-काश्मीर दोन्हीकडच्या गणनांतून बाजूला काढले की हिशेब सरळ होतो. मुस्लिमांच्या वाढीचा दर ३२.९ वरून २९.३ वर आला होता. चढला नव्हता, चांगला साडेतीन टक्क्यांनी उतरला होता. जनगणना कार्यालयाने काही दिवसांतच हे दुरुस्त आकडे ठळकपणे पुढे ठेवले. पण पहिला मथळा जितक्या घरांत गेला तितक्या घरांत दुरुस्ती थोडीच जाते! ते ३६ टक्के आजही कुठल्या कुठल्या भाषणात भेटतात.

उतार पुढेही चालूच राहिला. २०११ च्या जनगणनेत हा दर २४.६ टक्के भरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण एका स्त्रीमागे सरासरी किती मुले जन्मतात ते काढते. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रियांसाठी ही संख्या ४.४ होती, २०१९-२१ मध्ये ती २.४ झाली. हिंदू स्त्रियांची ३.३ होती, ती १.९ झाली. फरक अजून आहे, तो लपवण्याचे कारण नाही. पण त्याच सर्वेक्षणात केरळच्या मुस्लिम स्त्रियांचा आकडा २.२५ आहे आणि बिहारच्या हिंदू स्त्रियांचा २.८८. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांचा देशभरचा आकडा २.८ आहे, बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचा १.८. आम्हा मास्तर लोकांना यातले शेवटचे दोन आकडे सर्वांत बोलके वाटतात.

आता हे सारे आज का काढले? कारण २०२१ साली व्हायची जनगणना लांबत लांबत अखेर जाहीर झाली असून तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माहिती घ्यायला दारात बहुधा आमच्यासारखाच एखादा शिक्षक येईल. आसाम-काश्मीरचे न मोजले जाणे आपल्या हातात नव्हते. आपल्या उंबरठ्यावर काय नोंदले जाते, हे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळची गोष्ट आहे. मतदार याद्या करताना लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून काढायला लावली. आपल्या घरांतही बाहेरच्या माणसाला बायकांची नावे सांगायला अजून संकोच होतो. दादीजानचे वय विचारले की ‘लिहा साठ’ म्हणून मोकळे होतात. जनगणनेच्या तक्त्यात ४०, ५०, ६० या वयांवर माणसांचे ढीग दिसतात आणि ४९, ५९ ओस पडलेली असतात, ती यामुळेच.

मातृभाषेचा रकाना नाजूक आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात मुस्लिम सुमारे १ कोटी ३० लाख होते आणि उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. जनगणनेच्या लेखी मातृभाषा म्हणजे बालपणी आई आपल्याशी जी भाषा बोलत होती ती. धर्माचा तिच्याशी संबंध नाही. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, दोन्ही आम्हाला प्रिय आहेत. ज्यांच्या घरी उर्दू आहे त्यांनी ‘उर्दू’ असे स्पष्ट सांगावे, लिहिणाऱ्याने परस्पर ‘हिंदी’ टाकले तर थांबवावे. पण ज्यांची अम्मी चुलीपाशी मराठीत किंवा कोकणीत बोलत आली, त्यांनी तेच सांगावे. मराठी बोलणारे मुसलमान किती, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर याच रकान्यातून निघणार आहे. उर्दू येत असेल तर ती नोंदवायला ‘इतर भाषा’चा रकाना आहेच.

या वेळी जातही विचारली जाणार आहे. ‘आमच्यात जात नसते’ हे उत्तर घरोघरी तयार असेल. दीनच्या नजरेत सारे समान, ही गोष्ट शंभर टक्के खरी. पण तांबोळी, पिंजारी, बागवान ही नावे राज्याच्या ओबीसी यादीत आहेत आणि मुलांचे दाखले त्याच नावांवर निघतात. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नमुना सर्वेक्षणाच्या आधारे सांगितले की देशातल्या मुस्लिमांपैकी ४०.७ टक्के ओबीसी आहेत. प्रत्यक्ष शिरगणतीतून आलेला आकडा आजवर कोणाकडेच नाही. दाखला घेताना एक आणि गणनेत दुसरे सांगितले, तर पुढे योजना आखणाऱ्याला आपण दिसणार कसे?

नुसते सांगूनही भागत नाही, एकाच नावाने सांगावे लागते. २०११ मध्ये सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी जातीची जी जी नावे सांगितली, ती तशीच लिहून घेतली गेली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की एकट्या महाराष्ट्रात ४ लाख २८ हजारांवर नावे निघाली. सरकारी याद्यांत होती ४९४. ते आकडे वापरण्याजोगे नाहीत म्हणून बाजूला ठेवले गेले. त्याच प्रतिज्ञापत्रात केरळच्या मलबारमधील मापिल्ला मुसलमानांचे उदाहरण आहे: त्यांचे नाव चाळीस तऱ्हांनी लिहिले गेले आणि कागदावर एकाच समाजाच्या चाळीस जाती झाल्या. तेव्हा गणनेच्या आधी शाळा सोडल्याचा आणि जातीचा दाखला पेटीतून काढून ठेवा, आणि त्यावर जे लिहिले आहे तेच, त्याच अक्षरांत, लिहून घ्यायला सांगा.