परदेशात स्वतःची पाटी

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हा वीजतंत्री, नळकारागीर, गवंडी आणि रंगारी यांच्या घरांत आशा निर्माण झाली, आणि ती योग्यच होती. परंतु या कराराची सारी चर्चा नोकरीभोवती फिरत राहिली. नोकरी मिळाली की सारे मिळाले, ही आपल्या पांढरपेशा वर्गाची समजूत आपण कारागिरांवरही लादत आहोत. वास्तविक कारागीर हा मुळात नोकर नव्हे. आपल्या नाक्यावरचा नळकारागीर स्वतःचा दर स्वतः सांगतो, काम स्वतः पारखतो आणि चुकले तर बोलणीही स्वतःच खातो. अशा माणसास परदेशी गेल्यावर काही वर्षांनी तरी स्वतःच्या नावाची पाटी लावता येईल काय, या प्रश्नाचा विचार निघण्यापूर्वीच व्हावयास हवा.

जर्मनीत हे उत्तर सोपे नाही. तेथील १९५३ च्या हस्तव्यवसाय कायद्यानुसार अनेक धंद्यांत स्वतंत्र दुकान थाटण्यासाठी ‘माइस्टर’ ही पदवी लागते. तिच्या परीक्षेचे चार भाग असतात: प्रत्यक्ष काम, धंद्याचे शास्त्र, हिशेब व कायदा, आणि चौथा भाग शिकाऊ मुलांना शिकविण्याच्या पात्रतेचा. उत्तम कारागीर हा शिक्षकही असलाच पाहिजे, असे ज्या समाजाने कायद्यात लिहून ठेवले, त्याच्याविषयी आमच्या शिक्षकबंधूंना आदर वाटल्यावाचून राहणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, ही जुन्या कारागीर-श्रेणींची मक्तेदारी आहे. बाहेरच्याला दाराशीच अडविण्याची युक्ती आहे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. जर्मन शासनालाही तो काही अंशी पटला असावा. कारण २००४ साली ५३ धंद्यांवरील माइस्टरची अट काढून टाकण्यात आली. त्यांत फरशी बसविण्याचा धंदा होता. त्याच वर्षी पोलंड युरोपीय संघात आला. पोलिश मजुरास जर्मनीत मुक्तपणे नोकरी करण्याची मुभा २०११ पर्यंत मिळाली नाही. स्वतःचा धंदा मात्र त्याला २००४ पासूनच करता येत होता. मग व्हायचे ते झाले. फरशीवाल्यांच्या एकट्या माणसाच्या दुकानांची नोंदणी कित्येक पटींनी वाढली.

यांतील अनेकांनी कष्टाने खरोखरच धंदा उभा केला. पण काहींची मालकी कागदापुरतीच होती. काम एकाच ठेकेदाराचे, वेळ त्याची, दर त्याचा. तरीही हा माणूस ‘मालक’ ठरल्यामुळे आजारपणात पगार नाही, भरपगारी रजा नाही. नोकराच्या आरोग्यविम्याचा सुमारे अर्धा भार नोकरी देणारा उचलतो; मालकाला तो सारा स्वतःच वाहावा लागतो. या खोट्या स्वयंरोजगारास तेथील कायदा मान्यता देत नाही. परंतु भाषा न येणाऱ्या माणसाला कायदा उमगेपर्यंत वर्षे निघून जातात. पुढे कामाचा दर्जा व शिकाऊ मुलांचे शिक्षण घसरल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२० साली १२ धंद्यांना ती अट पुन्हा लागू झाली. फरशीचा धंदा त्यांतलाच एक. आधीपासून दुकान चालविणाऱ्यांना मात्र धक्का लावला गेला नाही.

यावरून बोध काय घ्यावयाचा? दार बंद असले तर कारागीर आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राहतो. ते तयारीवाचून उघडले तर मालकीच्या नावाखाली त्याची गुलामी होते. या दोहोंतून वाचविणारी गोष्ट म्हणजे पूर्वतयारी. जर्मनीत बहुतेक धंद्यांत आणखी एक वाट आहे. मान्य प्रशिक्षणानंतर त्या धंद्यात सहा वर्षे काम, त्यांतील चार वर्षे जबाबदारीच्या पदावर, असा अनुभव सिद्ध करणाऱ्यास माइस्टरवाचूनही परवानगी मिळू शकते. अर्थात भारतातून गेलेल्यास राहण्याचा परवानाही स्वतंत्र धंद्याची मुभा देणारा असावा लागतो. पण ‘सिद्ध करणे’ या दोन शब्दांतच आपल्या मिस्त्रीची खरी अडचण आहे. वीस वर्षे काम केलेल्या आपल्या माणसापाशी वीस ओळींचा दाखला नसतो. ठेकेदार रोख मजुरी देतो आणि विसरून जातो.

येथेच आपले कर्तव्य सुरू होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी जर्मन भाषेबरोबर करारपत्र वाचणे, बिल करणे, कराचा व विम्याचा हिशेब ठेवणे हेही शिकवावे. ठेकेदाराने अनुभवाचा लेखी दाखला देणे बंधनकारक करावे. परदेशी पाठविण्याच्या योजनेत पहिल्या पगाराचा आकडा जसा सांगितला जातो, तशीच धंद्याच्या परवान्याची वाटही समजावून सांगावी. यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. लागेल ती आस्था.

आणि आस्थेचाच आपल्याकडे तुटवडा आहे. गळका नळ दुरुस्त करणाऱ्यास आपण चहा वेगळ्या कपातून देतो, आणि त्याचाच मुलगा जर्मनीला निघाला की त्याच्या सत्काराला हजर राहतो. हाताच्या कामाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी त्या हातांना सातासमुद्रापार जावे लागावे, ही भूषणाची गोष्ट नव्हे. जो समाज आपल्या कारागिराला घरी दाखला आणि मान देईल, त्याचाच कारागीर परक्या गावी स्वतःच्या नावाची पाटी ताठ मानेने लावू शकेल.