रेशन दुकानाचा परवाना आणि कोर्टाच्या तारखा

कपाशीची वेचणी जोरात आहे, पण आज पिकावर नाही, रेशन दुकानाच्या परवान्यावर लिहितोय. वेचणीला येणाऱ्या बाया गेले चार महिने दर महिन्याला एक रोज बुडवून सहा किलोमीटरवरच्या गावात धान्य आणायला जातात. मशीनवर अंगठा लागला नाही, की दुसरी चक्कर. आमच्या गावचं दुकान निलंबित आहे, कार्डं शेजारच्या दुकानाला जोडलीत आणि नव्या परवान्याचा वाद अपिलात पडलाय.

ही वाट ठरलेली आहे. जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याचा आदेश, मग उपायुक्त पुरवठा यांच्याकडे अपील, मग मंत्र्यांकडे पुनरीक्षण, शेवटी हायकोर्ट. कुठल्याही पायरीवर स्थगिती मिळू शकते. दुकानदाराला वकील असतो, खात्याला सरकारी वकील असतो. कार्डधारकाच्या बाजूनं मात्र कुणीच उभं नसतं.

कायदा काय म्हणतो? 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम 12 मध्ये स्पष्ट आहे: परवाना देताना पंचायत, बचत गट, सहकारी संस्था यांना प्राधान्य, आणि दुकानाचं व्यवस्थापन महिलांकडे किंवा त्यांच्या गटांकडे. महाराष्ट्रानं 2017 च्या शासन निर्णयातही हाच प्राधान्यक्रम धरलाय.

कागदावर सगळं चांगलंय. गावात काय होतं ते बघा. जाहीरनामा तहसीलच्या फलकावर लागतो, गावात मुदत संपायच्या दोन दिवस आधी कळतं. ज्याला आतून आधीच माहीत असतं, त्याची फाईल तयार असते. बाकीचे गट जागेचा पुरावा, हिशेब, ठराव गोळा करत पळतात. छाननीत अर्ज बाद होतो, का झाला ते लेखी मिळत नाही. आणि कधी कधी बोर्ड बचत गटाचा, पण गल्ल्यावर जुन्याच दुकानदाराचा पोरगा. मग लोक कोर्टात जाणार नाहीत तर काय करतील?

'परवाना आमच्या बापापासून आहे' असं म्हणणाऱ्यांनी एक निकाल लक्षात ठेवावा. 1981 साली तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या बेमेतरा तहसीलच्या धान्य विक्रेता संघाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात होतं. सरकारनं सहकारी संस्थांना प्राधान्य दिलं होतं, म्हणून खाजगी दुकानदार भांडत होते. ते हरले. सरकारी धान्याचं दुकान मलाच मिळालं पाहिजे असा हक्क कुणा व्यापाऱ्याला नाही. तेच बेमेतरा पुढं छत्तीसगडमध्ये गेलं, आणि छत्तीसगडनं 2004 मध्ये खाजगी दुकानं काढून पंचायती, सोसायट्या आणि बचत गटांकडे दिली. तिथले दुकानदारही कोर्टात गेले, पण धोरण टिकलं.

कुणी म्हणेल, बचत गट काय धुतल्या तांदळाचे आहेत का? नाहीत. म्हणून 2003 चा सुप्रीम कोर्टाचा आदेश सगळ्यांनाच लागू धरला पाहिजे: दुकान वेळेवर उघडं ठेवत नाही, जास्त भाव घेतो, कार्ड स्वतःकडे ठेवतो, खोट्या नोंदी करतो, काळाबाजार करतो, त्याचा परवाना रद्द.

दुकानदाराची बाजूही आहे. क्विंटलला 150 रुपये मार्जिन होतं, 2025 मध्ये ते 170 करायचं ठरलं. महिन्याला शंभर क्विंटल वाटप असलं तरी 17,000 रुपये, त्यातून भाडं, हमाली, लाईट बिल. एवढ्यात घर चालत नाही, हे खरं आहे. त्याला नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि कारणांसह आदेश मिळालाच पाहिजे. घाईत रद्द केलेला परवाना अपिलात परत येतो, आणि खरा चोरही त्याच फटीतून सुटतो.

माझं म्हणणं चार गोष्टींचं:

1. जाहीरनामा ग्रामपंचायतीत लावावा, दवंडी द्यावी, ग्रामसभेत वाचावा.
2. बाद अर्जाचं कारण लेखी द्यावं, गुणांकन सगळ्यांना दिसावं.
3. अपिलाला मुदत ठरवावी. मुदतीत निकाल नाही तर स्थगिती आपोआप उठावी.
4. वाद चालू असेल तोवर जोडलेल्या दुकानदारानं ठरल्या दिवशी गावात येऊन वाटप करावं. भांडण परवान्याचं आहे, धान्याचं नाही.

चौथी गोष्ट उद्यापासून होऊ शकते, त्यासाठी कोर्टाची तारीख लागत नाही. 26 जानेवारीची ग्रामसभा जवळ आलीय. आपल्या गावचं दुकान कुणाच्या नावावर आहे आणि चालवतं कोण, एवढं तरी विचारा आणि प्रोसिडिंगला लिहून घ्या. दक्षता समितीचे सदस्य कोण हेही विचारा; बऱ्याच गावांत सदस्यालाच माहीत नसतं की तो सदस्य आहे.