थंडीचा अंदाज आणि अंदाजाचे मोल

संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला, की थंडीला निरोप देण्याची आपल्याकडे रीत आहे. लोकरीचे कपडे उन्हे दाखवून पेटीत ठेवले जातात आणि रसवंतीगृहांच्या घुंगरांचे आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात. नेमक्या याच सुमारास एखाद्या वर्षी उत्तरेकडून कडाक्याच्या थंडीची लाट येणार असल्याची वार्ता पसरते आणि हवामानाची आवड असणाऱ्या मंडळींत चर्चेला ऊत येतो. जगभरच्या हवामानकेंद्रांचे नकाशे आज कोणालाही घरबसल्या पाहता येतात. त्यामुळे शिक्षक, कारकून, विद्यार्थी, द्राक्षबागायतदार असे नाना व्यवसायांचे लोक वाऱ्याच्या दिशा आणि दाबाच्या रेषा यांवर अधिकारवाणीने बोलताना आढळतात. या हौसेची थट्टा करण्याचे काही कारण नाही. मात्र अंदाज बरोबर आला की चुकला, एवढ्यावरच ही चर्चा थांबते आणि त्या अंदाजाचे मोल काय व ते कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न बाजूला राहतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोच प्रश्न महत्त्वाचा आहे.

प्रथम शब्दांचा हिशेब नीट केला पाहिजे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत दर थंड सकाळ ही ‘लाट’ असते. परंतु भारतीय हवामान विभागाची व्याख्या काटेकोर आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असले, तर ती थंडीची लाट. ही तूट ६.४ अंशांहून अधिक झाली, की तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांपर्यंत उतरला तर लाट आणि २ अंशांपर्यंत उतरला तर तीव्र लाट मानली जाते. कोल्हापूरचे जानेवारीअखेरचे सरासरी किमान तापमान १५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे पारा ११ अंशांवर आला, पंचगंगेच्या घाटावर दात वाजू लागले, तरी शास्त्राच्या भाषेत ती लाट नव्हे. शब्द असे सैल वापरले, की खऱ्या इशाऱ्याच्या वेळी त्यांची धार बोथट झालेली असते.

उशिराची थंडी ही काही अघटित गोष्ट नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फवृष्टी करून पुढे सरकले, की त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे, गार वारे दक्षिणेकडे वाहू लागतात. आकाश निरभ्र आणि वारा मंद असेल, तर जमिनीने दिवसा साठवलेली उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. या दोन्ही गोष्टी जुळून आल्या, की फेब्रुवारीतही पारा कोसळतो. ८ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९.४ अंशांची नोंद झाली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये निफाडच्या परिसरात पारा ५ अंशांच्या खाली उतरला आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले. कोल्हापूरपर्यंत येता येता या वाऱ्यांचा जोर ओसरतो हे खरे. पण तो दरवेळी ओसरेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

वेण्णा तलावाचे उदाहरण आणखी एका कारणाने उद्बोधक आहे. तेथे गवतावर दवबिंदू गोठलेले असतात, त्या सकाळी महाबळेश्वरच्या वेधशाळेची नोंद मात्र शून्याच्या बरीच वर असते. मग खोटे कोण बोलते? कोणीच नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो, तर जड, थंड हवा उतारावरून घरंगळत सखल भागात साचते. तापमान जागेनुसार आणि उंचीनुसार किती बदलते, याचा मूलगामी अभ्यास आपल्या पुण्यातच झालेला आहे. १९३२ मध्ये तेथे कृषिहवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी असे दाखवून दिले, की शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा उघड्या जमिनीला लागून नसते, तर तिच्यापासून वीतभर-हातभर उंचीवर असते. प्रचलित समजुतीला छेद देणारे हे निरीक्षण जगाने आरंभी शंकेने पाहिले; पुढे ते मान्य झाले आणि हवेच्या त्या थराला रामदासांचेच नाव मिळाले.

ही केवळ शास्त्रीय गंमत नाही. आंबा, केळी यांसारख्या फळपिकांचा हवामानाधारित विमा हा ठरावीक केंद्रावरील नोंदीवर चालतो. सलग काही दिवस पारा ठरलेल्या अंशांखाली गेला तर भरपाई मिळते, नाही तर मिळत नाही. राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांच्या आसपास स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, हे पाऊल स्तुत्यच होते. तथापि केंद्र माळावर आणि बाग ओढ्याकाठी असेल, तर बागेत पीक करपूनही केंद्राच्या दप्तरी थंडीच पडलेली नसते. तापमापकाची जागा ही येथे थेट रुपयांची जागा ठरते.

आता अंदाजाकडे वळू. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्या आयाआज्या सांगत आल्या. हाही एक अंदाजच आहे आणि त्यात पिढ्यांचा अनुभव आहे. पण महाशिवरात्र चांद्रतिथीवर ठरते. २०२४ मध्ये ती ८ मार्चला आली आणि २०२५ मध्ये २६ फेब्रुवारीला. सूर्य काही तिथी पाहून तापत नाही. उलट मृगनक्षत्राचा हिशेब सूर्याच्या स्थितीवर बसवलेला असल्याने पेरणीच्या कामी तो अधिक उपयोगी पडतो. परंपरा सगळी टाकाऊ नाही आणि सगळी टिकाऊही नाही. तिची पारख करावी लागते.

हीच पारख हौशी अभ्यासकांनाही लावली पाहिजे. ‘माझे दहापैकी नऊ अंदाज खरे ठरले’ असे कोणी म्हणाले, की आपण थक्क होतो. अमेरिकेत १८८४ मध्ये फिन्ली नावाच्या लष्करी हवामान अधिकाऱ्याने चक्रीवादळांचे आपले अंदाज शेकडा ९६.६ बरोबर आल्याचे जाहीर केले होते. त्यावर टीकाकारांनी दाखवून दिले, की ‘आज वादळ होणार नाही’ एवढेच वाक्य त्याने रोज उच्चारले असते, तर ते शेकडा ९८.२ वेळा खरे ठरले असते! कोल्हापुरात ‘उद्या थंडीची लाट नाही’ असे वर्षभर सांगणारा मनुष्यही जवळजवळ अचूक ठरेल. परंतु त्याच्या अचूकपणाचा उपयोग शून्य. जो अंदाज अवघड दिवस ओळखतो, तोच कामाचा. म्हणून प्रत्येकाने, मग तो सरकारी असो वा हौशी, आपले अंदाज आधी लिहून ठेवावेत आणि नंतर चुकलेल्यांसह सर्व जाहीर करावेत. ज्याच्याजवळ अशी वही नाही, त्याच्या आत्मविश्वासाला बाजारभाव देऊ नये.

इंग्लंडमध्ये १८६१ साली ॲडमिरल फिट्झरॉय यांनी वृत्तपत्रातून पहिले जाहीर अंदाज देण्यास प्रारंभ केला, तेव्हा हे भविष्यकथन नव्हे असे त्यांनी आवर्जून बजावले होते. लोकांनी मात्र ते भविष्य म्हणूनच वाचले आणि चुकताच टीकेची झोड उठवली. दीडशे वर्षांनंतर आपली स्थिती फारशी वेगळी नाही. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी पावसाचा अंदाज चुकला म्हणून हवामान विभागाविरुद्ध चक्क पोलिसांत तक्रार नोंदवली. त्यांचा संताप समजण्यासारखा होता, कारण त्यांचे बियाणे मातीत गेले होते. पण दोष अंदाज चुकण्यात जितका, तितकाच तो ‘होणार’ किंवा ‘नाही’ अशा निःशंक भाषेत लोकांपर्यंत पोहोचण्यात होता. मराठीत ‘अंदाज’ हा शब्द किती नेमका आहे! त्यात अदमास आहे, ग्वाही नाही.

आधुनिक शास्त्र हा अदमास आकड्यात मांडू शकते. १९९२ पासून मोठी हवामानकेंद्रे एकच गणित किंचित वेगवेगळ्या आरंभस्थितींतून अनेक वेळा सोडवतात. पन्नास उत्तरांपैकी पंधरांत थंडीची लाट दिसली, तर तिची संभाव्यता ढोबळमानाने शेकडा ३० मानता येते. आता समजा, एका द्राक्षबागायतदाराला बागेत शेकोट्या पेटवून धूर करणे आणि पहाटे पाणी देणे यांसाठी एकरी ५ हजार रुपये खर्च येतो आणि त्यामुळे १ लाखाचे नुकसान टळू शकते. मग संभाव्यता शेकडा ५ हून अधिक होताच त्याने कामाला लागावे. दुसरा शेतकरी सुरू उसाची लागण करणार आहे. ती आठवडाभर पुढे ढकलण्याचा खर्च २ हजार आणि थंडीने उगवण मंदावल्यास होणारे नुकसान ४ हजार धरले, तर त्याने शेकडा ५० पर्यंत थांबण्याचे कारण नाही. अंदाज एकच, शेकडा ३० चा. पण पहिल्याने हालचाल करणे शहाणपणाचे आणि दुसऱ्याने स्वस्थ राहणे शहाणपणाचे. ‘थंडी वाढण्याची शक्यता’ हे मोघम वाक्य या दोघांपैकी कोणाच्याच उपयोगाचे नाही.

शिवाय थंडी सर्वांची वैरीण नसते. गहू आणि हरभरा यांना ती मानवते. मार्च २०२२ मधील उष्म्याने गव्हाचे दाणे बारीक राहिले आणि १३ मे २०२२ रोजी देशाला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली, हे विसरता येणार नाही. उलट तासगाव-मिरज पट्ट्यातील द्राक्षमणी अशा थंडीत तडकतात वा गुलाबी पडून भाव गमावतात. कोकणात हापूसला उशिरा पुन्हा मोहोर फुटून आधीची फळे गळतात. एकाच रात्रीचा पारा एकाचे उत्पन्न वाढवतो आणि दुसऱ्याचे कर्ज. म्हणून थंडी चांगली की वाईट हे विचारण्याऐवजी कोणाला चांगली आणि कोणाला वाईट, असे विचारले पाहिजे.

या हिशेबात एक वर्ग कोठेच धरला जात नाही. गाळपाच्या हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली ऊसतोडणी मजुरांची कुटुंबे आपल्याच शिवारात, पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोपीत राहतात. त्यांची मुले उघड्या रानात, नदीकाठच्या सखल जमिनीत झोपतात, म्हणजे नेमकी जेथे थंड हवा साचते तेथे. पहाटेच्या अंधारात त्यांची तोड सुरू होते. थंडीची लाट ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून साहाय्य देता येणाऱ्या आपत्तींच्या यादीत आहे; परंतु मदत नंतर देण्यापेक्षा पाच दिवस आधी हाती असलेला अंदाज वापरून त्या कोप्यांपर्यंत घोंगड्या पोहोचवणे स्वस्तही आहे आणि माणुसकीचेही. साखर कारखान्याला कोणत्या शेतात कोणती टोळी आहे, हे ठाऊक असते. नाही ती फक्त सवय.

अंदाज ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्याला कमी पडत नाही आणि म्हणूनच ती केवळ बाजारावर सोपवता येत नाही. सरकारने या क्षेत्रात पैसा ओतला, हे मान्य केले पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये २ हजार कोटींच्या ‘मिशन मौसम’ला मंजुरी मिळाली. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी ‘भारत’ प्रणाली कार्यान्वित झाली. तथापि त्याच २०२४ च्या आरंभी देशातील १९९ जिल्हा कृषिहवामान केंद्रे बंद करण्यात आली. अंदाजाचे शेताच्या भाषेत रूपांतर करणारी माणसे या केंद्रांत बसत असत. विहीर खोल खणायची आणि दोर मात्र तोडायचा, अशातला हा प्रकार झाला. यंत्राची गणनशक्ती कितीही वाढली, तरी तिचे फळ शेवटच्या माणसाच्या निर्णयातच दिसते.

तेव्हा अपेक्षा फार मोठ्या नाहीत. थंडीचा इशारा देताना हवामान विभागाने संभाव्यतेचा आकडा जिल्हावार द्यावा आणि वृत्तपत्रांनी तो मथळ्यात न लपवता छापावा. हंगाम संपल्यावर किती इशारे खरे ठरले, याचा ताळेबंद प्रसिद्ध व्हावा. जिल्ह्याच्या ठिकाणी शेतकऱ्याला समजावून सांगणारा कृषिहवामान सल्लागार असावा. कारखान्यांनी मजुरांच्या कोप्यांना इशाऱ्याच्या साखळीत घ्यावे. हौशी मंडळींना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही काम आहे: गावोगावी एकेक चांगला तापमापक, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेळी वाचावा आणि नोंदवही ठेवावी. माळावरील केंद्र आणि ओढ्याकाठची बाग यांतील तफावत त्यानेच उघड होईल आणि विम्याच्या वादात शेतकऱ्याच्या हाती पुरावा येईल.

थंडी अडवणे कोणाच्या हाती नाही. ती येण्याची वार्ता चार दिवस आधी मिळते, ही मात्र गेल्या दीडशे वर्षांच्या श्रमाची कमाई आहे. ती कमाई चर्चेत उधळायची, की द्राक्षाच्या बागेपासून ऊसतोडीच्या कोपीपर्यंत वाटून द्यायची, एवढे ठरवणे आपल्याकडे आहे.