एका झाडाचा गुन्हा

आषाढातली पहिली झड लागून गेली की मूल, सिंदेवाही, आरमोरी येथल्या आठवडी बाजारांत रानातली काटवले टोपल्यांतून येऊ लागतात. आणि एवढी महाग भाजी तुम्ही घरच्या कुंपणावरच का लावीत नाही, असे कोणी अजाण माणसाने विचारलेच, तर जाणत्यांचे उत्तर ठरलेले असते की लावायचे तर कंद लावा, बियांच्या भरवशावर राहू नका, कारण बियांतून उगवलेला वेल नर निघाला की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही, आणि नर निघाला तर सारा पावसाळा त्याला पाणी पाजूनही एक फळ हाती लागत नाही. पपईच्या खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुलोरा येताच फाजील नर उपटून टाकणाऱ्या बागाईतदारालाही हीच विद्या अवगत असते.

गांजाचे झाड याच रीतीचे. नर निराळा, मादी निराळी, आणि मादक राळ धरते ती मुख्यतः मादीच्या, त्यातही परागसंयोग न झालेल्या, फुलोऱ्यात. म्हणूनच बंगालमधील नौगावच्या शेतांत नर झाडे नेमकी ओळखून उपटून टाकणारा एक तज्ज्ञ मोबदला देऊन बोलाविला जाई, आणि इंग्रजी दप्तरांत त्याला ‘गांजा-वैद्य’ अशी काहीशी विनोदी पदवी मिळालेली आढळते. त्या वैद्याचे काम आता बियाणेच करू लागले आहे. परदेशात ‘फेमिनाइज्ड’ नावाने विकले जाणारे बी, ज्यातून बहुतांशी मादी झाडेच उगवतात, ते घरच्या घरी तयार करण्याचा छंद जडलेले लोक आपल्या शहरांतही असल्याचे ऐकू येते. मादी झाडाकडूनच पराग धरवून त्याच्या योगे बी मिळविणे हे त्यातले तत्त्व. त्याची कृती सांगणे हे या लेखाचे प्रयोजन नाही, आणि सांगू नये असेच माझे मत आहे.

मला विचार करावासा वाटतो तो त्या बियाचा नव्हे, तर ते जमिनीत पडताच माणसाचे काय होते याचा. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या मोठ्या काटेकोरपणे केलेली आहे. फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे म्हणजे गांजा, आणि शेंड्यांसोबत नसलेली पाने व बी त्यातून वगळलेली. त्यामुळे मूठभर बी हातात असणे म्हणजे गांजा बाळगणे नव्हे. किंबहुना नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यताही दिली. परंतु तेच बी परवान्यावाचून परसात पेरले की लागवडीचा गुन्हा उभा राहतो, आणि त्या गुन्ह्यापुरता नर-मादी हा भेद कायद्याला मुळीच दिसत नाही. ज्या नर झाडापासून चिलीमभर गांजाही निघावयाचा नाही, तेही कायद्याच्या लेखी झाडच.

याहून विलक्षण गोष्ट शिक्षेची आहे. मूळ कायद्यात गांजा बाळगणे व झाड लावणे या दोहोंना सारखीच, म्हणजे जास्तीत जास्त पाच वर्षांची, सक्तमजुरी होती. 2001 साली संसदेने दुरुस्ती केली आणि बाळगण्याच्या गुन्ह्याला, अगदी न्याय्य रीतीने, पायऱ्या पाडल्या: एक किलोपर्यंतची अल्प मात्रा, वीस किलोंहून अधिक ती व्यापारी मात्रा, आणि मधली. अल्प मात्रेला आज फार तर एक वर्षाची कैद वा दंड आहे. मात्र लागवडीला एकही पायरी न ठेवता तिची कमाल शिक्षा पाचावरून दहा वर्षांवर नेली गेली. म्हणजे बाजारातून विकत घेतलेला पावशेर गांजा खिशात सापडला तर एक वर्ष, आणि परसात हातभर उंचीचे एक रोप सापडले तर दहा वर्षांपर्यंत. एकराचे शेत आणि ते एक रोप कायद्याच्या एकाच ओळीत बसविलेली. न्यायाधीश तारतम्याने शिक्षा कमी देऊ शकतात हे खरे, पण तारतम्य कायद्यात असावे की खटला उभा राहून माणूस कोठडीत जाऊन आल्यावर ते कोणाच्या मनात उपजावे, हा प्रश्न उरतोच.

आणि हा प्रश्न शहरातल्या छंदिष्टाला तितका भेडसावीत नाही. बंद खोलीत दिव्यांखाली झाड वाढविणाऱ्याच्या दारात पोलीस क्वचितच पोहोचतात. तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींत, कोणाच्या तरी चार पैशांच्या आमिषाने, दहा-वीस झाडे लावणाऱ्या कास्तकाराचे शेत मात्र उघड्यावर असते, सातबारावर त्याचे नाव असते, आणि पंचनामा त्याच नावाने होतो. बी पुरविणारा आणि माल उचलणारा त्या पंचनाम्यात सहसा नसतो.

ज्या काळाला आपण परकी अंमल म्हणतो, त्या काळी या बाबतीत निदान विचारपूस तरी झाली होती. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि त्या प्रांतात गांजा पिकत असे तो निमाडात, खंडव्याच्या बाजूस, सरकारी परवान्याने व आबकारी खात्याच्या नजरेखाली. 1893 मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, त्याने 1193 जणांच्या साक्षी नोंदविल्या, आणि सरसकट बंदी नको, नियंत्रण व कर असावेत, असा निर्णय 1894 च्या अहवालात दिला. त्या सरकारला महसुलाची गोडी होती हे उघड आहे, आणि म्हणून त्याचा निष्कर्ष डोळे मिटून स्वीकारावा असे मी म्हणणार नाही. पण 1985 चा कायदा ऑगस्टमध्ये मांडला गेला आणि सप्टेंबरच्या मध्यास त्यावर राष्ट्रपतींची संमतीही झाली, हे त्या साक्षींच्या बाडाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे मन खट्टू होते.

कोणी म्हणेल, दारूबंदीसाठी लढलेल्या जिल्ह्यांत ही कसली भाषा? गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 साली, स्त्रियांनी चिमुराहून नागपूरपर्यंत पायी जाऊन मागितल्यानंतर, आली आणि 2021 मध्ये उठली. त्या स्त्रियांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु त्यांनी हातभट्टी मोडली, गुत्ते बंद करविले. दारातले मोहाचे झाड हा गुन्हा ठरवा, असे त्यांतील कोणी म्हटले नाही.

घरोघरी गांजा पिकविण्यास मोकळीक द्यावी, अशी माझी मागणी नाही. मादी बियांच्या छंदाविषयी तर मला आस्थाही नाही. बाळगण्याच्या गुन्ह्याला ज्या पायऱ्या पाडल्या, त्याच लागवडीलाही पाडाव्यात, आणि त्या पाडताना नुसती झाडे न मोजता त्यांवर फुलोरा किती होता हे पाहावे, इतकेच. हा कायदा केंद्राचा असल्यामुळे मुंबईच्या विधानभवनात बोलून काही साधणार नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन मतदारसंघांच्या खासदारांनी कलम 20 ची ही विसंगती येत्या अधिवेशनात लोकसभेपुढे मांडावी, अशी त्यांना विनंती आहे.